दुसऱ्याच्या घरून आलेला पोपट

पोपट आधी फॉस्टर करा, म्हणजे काही काळापुरता घरी सांभाळा, मग दत्तकाचं बघा. मी थेट दत्तक घ्यायला निघाले होते. बेघर पक्षी सांभाळणाऱ्या रेस्क्यू संस्थेतल्या बाईंनी अडवलं ते बरंच झालं. आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट ४० ते ६० वर्षं जगू शकतो. ‘तुमच्यानंतर याला कोण सांभाळेल?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी गप्पच झाले.

भेटायला जाल तेव्हा त्याच्या रंगावर भाळू नका. किती घरं बदलली, काय खातो, कोणाला चावतो, पिसं कधीपासून उपटतो, हे खोदून विचारा. घरात आधीच पक्षी असेल तर नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

नॉनस्टिक भांडी मी काढूनच टाकली. ती फार तापली की निघणाऱ्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. ॲव्होकाडो आणि चॉकलेटही विषारी.

सुरुवातीला हात लावायचा मोह आवरा. मी नुसती पिंजऱ्याशेजारी बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. अकराव्या दिवशी पठ्ठ्याने माझा खोकला हुबेहूब काढला!

दाण्यांवरून पेलेट्सवर, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर, आणताना मात्र सावकाश. अनोळखी खाणं पोपटाला खाणंच वाटत नाही, तो सरळ उपाशी राहतो. म्हणून रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. १० टक्के घटलं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि रात्री १०-१२ तास अंधार, शांतता. टीव्ही दुसऱ्या खोलीत.