सीएनसीवर वन्यजीव कोरताना या चुका टाळा

सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, वाघाचा फोटो ग्रेस्केल (काळा-पांढरा) करून थेट टूलपाथ (टूल फिरण्याचा मार्ग) काढला की लाकडात वाघ उतरत नाही. पट्ट्यांच्या जागी चर पडतात आणि गालावरचे पांढरे केस टेंगळासारखे वर येतात. सांबराचं तर काळं नाकच खड्ड्यात जातं, जे खरं म्हणजे सगळ्यात पुढे यायला हवं. सॉफ्टवेअरला एवढंच कळतं : पांढरं ते उंच, काळं ते खोल. फोटोतल्या उजेडाचा आणि उंचीचा काही संबंध नसतो, त्यामुळे डेप्थ मॅप (ज्यात काळ्या-पांढऱ्या छटा खरी उंची दाखवतात असं चित्र) किंवा एसटीएल मॉडेलच (त्रिमितीय आकाराची फाइल) लागतं.

डेप्थ मॅपमध्येही एक गोम आहे. फाइल ८ बिटची असेल तर तिच्यात उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १५ मिमी खोलीचं काम असेल तर एक पायरी साधारण ०.०६ मिमीची. हत्तीच्या पोटासारख्या मोठ्या गोलाईवर त्या पायऱ्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उठून दिसतात, आणि लोक उगाच स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) तपासत बसतात. फाइल मुळातूनच १६ बिटची घ्या. जुनी ८ बिटची फाइल नुसती १६ मध्ये सेव्ह केली तर पायऱ्या जागच्या जागीच राहतात.

मग खोलीची वाटणी. डोंगर, झाडं, गवत आणि प्राणी यांना सारखीच खोली दिली की चेहरा चपटा होतो. मागच्या डोंगराला २ मिमी पुरतात; निम्म्याहून जास्त खोली मुख्य प्राण्याला द्या, त्यातही तोंडाला. खरं सांगायचं तर मागचं जंगल जितकं कमी कोराल तितकं चित्र खुलतं. पण हे कोणी ऐकत नाही.

बारकावे येत नाहीत म्हणून स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) कमी करत जाणं ही वेळ घालवणारी चूक. ३०० × २०० मिमीच्या फळीवर ०.१ मिमी स्टेपओव्हर म्हणजे २,००० फेऱ्या, एकूण ६०० मीटर. मिनिटाला २,००० मिमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) धरला तरी पाच तास, आणि झेड (टूलचा उभा अक्ष) सतत वरखाली होत असल्यामुळे तो फीडही पूर्ण मिळत नाही. टोकाला १ मिमी व्यासाच्या टेपर्ड बॉल नोजने (निमुळत्या, गोल टोकाच्या टूलने) ०.२ मिमी स्टेपओव्हर ठेवला तर सपाट भागावर दोन फेऱ्यांमध्ये उरणारी धार ०.०१ मिमीची असते. सागाची छिद्रं त्याहून कितीतरी मोठी! उभ्या उतारांवर मात्र फरक दिसतो. आणि टूलच्या टोकापेक्षा अरुंद खाच कितीही फेऱ्या मारल्या तरी पडणार नाही. म्हणून एकेक केस नको, मॉडेलमध्ये केसांचे झुबके करा.

रफिंगनंतर (सुरुवातीच्या जाडसर कापणीनंतर) टूल बदलताना झेड झिरो (खोली जिथून मोजतात ती पातळी) चुकतो, कारण मूळ पृष्ठभाग कापला गेलेला असतो. झिरो पहिल्यापासून बेडवरून (मशीनच्या टेबलावरून) घ्या, किंवा एक कोपरा न कापता राखून ठेवा. टूल बदलल्यापासून सगळी खोली सारखीच चुकली असेल तर दोष झिरोचा. चित्र मधूनच बाजूला सरकलं असेल तर मोटरने स्टेप सोडल्या आहेत. कपलिंगचे (मोटरला जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू बघा, फीड आणि ॲक्सिलरेशन उतरवा. लाकूड जळून काळं पडत असेल तर आरपीएम (टूल फिरण्याचा वेग) कमी करा किंवा फीड वाढवा, आणि बोथट टूल असेल तर आधी तेच बदला.

शिंगं आणि पाय लाकडाच्या रेषेला आडवे आले की तुटतात. फळी लावतानाच दिशा ठरवा आणि शिंगांच्या टोकांखाली थोडं लाकूड राहू द्या.

कुसळं उठली तर केसांवर सँडपेपर घासू नका, सगळे बारकावे पुसले जातील. फळी क्लॅम्पमध्येच असताना बाजूने टॉर्च मारून बघा. कुसळं फार असतील तर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि धारदार टूलने फक्त फिनिशिंगचा पास (शेवटची बारीक फेरी) पुन्हा चालवा. उरलंसुरलं नायलॉनच्या ब्रशने निघतं.