आत्याची ओपलची अंगठी: वारशाने आलेला जुना दागिना कसा पारखावा

माझी थोरली आत्या नर्स म्हणून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला गेली आणि तिकडचीच झाली. ती वारल्यावर आतेबहिणीने तिची अंगठी माझ्याकडे पाठवली. ओळीने ओपलचे पाच खडे, मधला मोठा, कडेचे लहान होत गेलेले. दोन ओपलांच्या बेचक्यात वर एक, खाली एक, असे एकूण आठ बारीक हिरे.

मी ती घेऊन आधी सराफाकडे गेले आणि तिथेच चुकले. त्यांनी अंगठी काट्यावर ठेवली, खड्यांचं वजन अंदाजाने वजा केलं, घट सांगितली आणि म्हणाले, "ताई, ओपलला आमच्याकडे भाव नाही. मोडीत एवढे येतील." असा डाग, म्हणजे दागिना, तुमच्याकडे आला तर काट्यावर नेऊ नका. तो उजेडात जोखायचा असतो, आणि सुरुवात घरीच करायची असते.

पहिले चार दिवस तो नुसता बघा. सकाळी खिडकीपाशी बसा, थेट ऊन नको, ट्यूबलाइट तर नकोच. खाली काळं कापड घ्या आणि अंगठी सावकाश कलती करत राहा. माझ्या मधल्या ओपलमध्ये सरळ पाहिलं तर हिरवा आणि निळा दिसतो. करंगळीकडे थोडं कललं की डाव्या कडेने एक लाल ठिणगी उठते आणि खड्यावरून सरकत जाते. ती सापडायला मला दोन दिवस लागले. ओपलमध्ये हे रंग कुणी भरलेले नसतात. आत सिलिकाचे गोल असतात, मिलिमीटरचे चार हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढे. फळवाल्याने मोसंबी रचावीत तसे ते रचलेले असतात आणि त्या रचनेतून उजेड फुटतो. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे पाहिलं. गोल बारीक असले तर निळा-जांभळाच दिसतो, लाल दिसायला ते मोठे लागतात. म्हणून लाल दुर्मीळ आणि भावही त्यालाच जास्त. कोणत्या कोनात कोणता रंग दिसतो ते वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हिरे मात्र रात्री बघा, समईच्या उजेडात. माझ्या अंगठीतले आठही रोझ कट आहेत: तळ सपाट, वर कळीसारखा फुगीर घुमट आणि मोजके पैलू. दिवसा ते जरा राखाडी, मुके वाटतात. ज्योत हलली की एकेक पैलू पेटतो आणि विझतो. ते घडवले गेले तेव्हा संध्याकाळी बहुतेक घरांत मेणबत्त्या, तेलाचे किंवा गॅसचे दिवे असत, हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे बघावं. मोठा जुना हिरा असेल तर भिंगातून वरून बघा. मधोमध बारीक गोल खिडकी दिसली, वरचा सपाट भाग लहान आणि माथा उंच असला, तर तो हाताने पाडलेला जुना पैलू असण्याची शक्यता मोठी. आजच्या गोल, लखलखीत ब्रिलियंट कटची प्रमाणं मार्सेल टोल्कॉव्स्की या अभियंत्याने १९१९ साली मांडली. त्या मापाने जुना हिरा "नीट पाडलेला नाही" असं कुणी म्हणालं, तर नवे पैलू पाडून घ्यायच्या भानगडीत पडू नका. वजनही जातं आणि जुनेपणही.

आता दहापट भिंग घ्या आणि अंगठीच्या आतली बाजू वाचा. इंग्लंडच्या डागावर छाप असतात. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला कस तपासला, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला. मुकुट आणि १८ म्हणजे अठरा कॅरट. शिवाय एक अक्षर असतं. त्याचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार मिळून साल ठरतं. माझ्या अंगठीवर नांगर आहे आणि अक्षर ताडून पाहिल्यावर साल निघालं १९०९. १५ आणि .६२५ असा छाप असेल तर काम आणखी सोपं, कारण पंधरा कॅरट तिकडे १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात चाललं. अंगठी कधी सैल-घट्ट केली असेल तर छाप अर्धा कापलेला दिसतो.

पण छाप सोन्याचा असतो, खड्यांचा नाही. त्यासाठी अंगठी आडवी धरून एकेक खडा बाजूने बघा. बाजूने सरळ रेघ दिसली तर तो ओपलचा पातळ काप मागे काळं काही चिकटवून बसवलेला असू शकतो. रंगाचे तुकडे सापाच्या कातडीसारखे एकसारखे दिसले तर प्रयोगशाळेत बनवलेला ओपल असेल. तो बाजारात आला १९७०च्या दशकात. मग सगळे खडे एकमेकांशी ताडून बघा.

मी ताडले तेव्हा पाचवा खटकला. जरा जास्तच झगमगता होता. पावसाळ्यात एकदा अंगठी बोटात ठेवूनच भांडी घासली आणि बघते तर चार ओपल होते तसे, पाचवा काचेसारखा आरपार! मी घाबरलेच. दोन दिवसांनी रंग आपोआप परत आले. असं पाणी पिणारे ओपल इथिओपियाच्या वोलो भागातून भरपूर येतात, आणि तिथली खाण सापडली २००८ साली. मग १९०९च्या अंगठीत तो कुठून आला? आतेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, २०१२च्या गणपतीत मोदक वळताना आईचा खडा सिंकमध्ये गेला. इथल्याच एकाकडून दुसरा बसवून घेतला होता."

जपणुकीचं थोडक्यात सांगते. ओपलमध्ये मुळातच पाणी असतं आणि त्याची कठीणता मोह्सच्या दहाच्या मापावर साडेपाच ते साडेसहा. आपल्या धुळीतल्या क्वार्ट्झच्या (गारेच्या) कणांची सात. म्हणून कोरड्या कापडाने खसाखसा पुसू नका. मऊ ओलसर कापड पुरे. अल्ट्रासॉनिक सफाईचं यंत्र, वाफ, गरम पाणी, तेल काही नको. अंगठी मोठी करायची तर डाख देण्याआधी ओपल काढायलाच लावा, आचेने ते तडकतात. हिऱ्यांचं कोंदण मागून बंद असेल तर त्याला पाणीही लावू नका, खाली चमकीचा पत्रा असू शकतो. आजीच्या हिऱ्याच्या कुड्यांनाही हे लागू.

किंमत काढायला शेवटी जा, आणि कशासाठी हवी ते आधी सांगा. विम्याची, वाटणीची आणि विकायची किंमत वेगवेगळी असते. सरकारमान्य मूल्यांककाकडे जा. फी ठरावीक घेणारा असावा, किमतीच्या टक्क्याने घेणारा नको, आणि तोच विकत घ्यायला उत्सुक असेल तर उठून या. जीआयए किंवा जीआयआय या रत्न तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल खडा कोणता ते सांगतो, भाव सांगत नाही. वारशाने आलेल्या डागावर आपल्याकडे वारसा कर नाही. पण विकलात तर भांडवली नफ्याचा हिशोब येतो, आणि डाग घराण्यात १ एप्रिल २००१च्या आधीपासून असेल तर त्या तारखेचं मूल्य धरायची सोय आहे. म्हणून अहवालात त्या दिवसाची किंमतही मागून घ्या. भावंडांत वाटणी असेल तर डबी उघडायच्या आधी एकच मूल्यांकक सगळ्यांनी मिळून ठरवा.

माझ्या मूल्यांककांनी पाचवा ओपल बदलून जुना, जुळणारा बसवायचं सुचवलं. मी नको म्हटलं आणि "एक ओपल नंतर बसवलेला" असं अहवालात लिहून घेतलं. डबीत आता आत्याचा अंगठी घातलेला एक फोटो आहे आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी: बर्मिंगहॅम, १९०९. पाचवा ओपल, २०१२, गणपतीचे मोदक.