चिठ्ठीतली भीती ओळखायला शिका: लैंगिकता शिक्षणाच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

या कामात यायचंय असं म्हणणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, कोर्स कोणता करू? कोर्स कराच. समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग, कुठल्याही वाटेनं इथे येता येतं. मी जीवशास्त्र शिकवता शिकवता आले. पण त्याआधी एक गोष्ट घरीच करा. दार लावा आणि शिश्न, वृषण, योनी, वीर्य, हस्तमैथुन हे शब्द मोठ्यानं म्हणा, कोपर आणि गुडघा म्हणतो तितक्याच सहजपणे. मला तीन आठवडे लागले. आपला आवाज जरा जरी खाली गेला, की समोरची मुलं ओळखतात: इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

शब्द निवडतानाही विचार करा. ‘स्वप्नदोष’ मी कधीच म्हणत नाही. वयात येताना झोपेत वीर्य बाहेर येणं अगदी स्वाभाविक. त्यात दोष कसला? पण शब्दातच दोष असला की तेरा वर्षांचा मुलगा स्वतःला आजारी समजून बसतो. ‘गुप्तांग’ही सोडून दिला. ज्या अवयवाचं नावच गुप्त, तिथे कोणी नकोसा हात लावला तर ते लेकरू सांगणार कोणत्या शब्दांत?

कुठल्या वयात काय सांगायचं यासाठी युनेस्कोची २००९ मध्ये आलेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं जवळ ठेवा. त्यात आठ मुख्य विषय आहेत, आणि सुरुवात नातेसंबंधांपासून होते, अवयवांपासून नाही. पालकांना मुलांच्या आधी भेटा. ‘सांगितलं तर मुलं नको ते करतील’ ही काळजी कोणीतरी बोलून दाखवतंच. ती झटकू नका. अशा शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. ते शांतपणे सांगा.

आता खरं काम, म्हणजे प्रश्नपेटी: मुलांनी नाव न लिहिता प्रश्नाची चिठ्ठी टाकायची पेटी. सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि एकसारख्या पेन्सिली द्या. ज्याला काही विचारायचं नाही त्यानं सकाळपासून काय काय केलं ते लिहायचं. म्हणजे सगळ्यांचेच हात चालतात आणि विचारणारा उघडा पडत नाही. चिठ्ठ्या तिथल्या तिथे वाचू नका. घरी न्या, निवांत वाचा, उत्तर दुसऱ्या दिवशी द्या.

एक चिठ्ठी मी विसरलेले नाही. ‘मित्राच्या छातीत एका बाजूला गाठ आली आहे. तो मुलगी होईल का?’ ‘मित्राच्या’ या शब्दाखाली खोडलेलं ‘माझ्या’ दिसत होतं आणि पेन्सिल इतकी दाबली होती की कागद मागून उमटला होता. अशा वेळी आधी भीतीला उत्तर द्या, विज्ञान नंतर. मी वर्गात पहिलं वाक्य म्हटलं, “नाही, मुलगी होत नाही.” मग सांगितलं की वयात येताना संप्रेरकांच्या चढउतारामुळे कितीतरी मुलग्यांच्या स्तनाग्रामागे अशी दुखरी गाठ येते, कधी एकाच बाजूला, आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप जाते. वाढतच राहिली, खूप दुखली किंवा स्राव आला तर डॉक्टरांना दाखवायचं. हे सांगताना नजर एकाही चेहऱ्यावर थांबू दिली नाही. बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी हाच प्रश्न असतो: माझं सगळं ठीक आहे ना?

माझी एक चूक मात्र तुम्ही करू नका. सुरुवातीच्या काळात मी वर्गाला शब्द दिला होता, “तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील.” त्या भरवशावर एका मुलीनं घरातल्याच माणसाकडून होणारा त्रास सांगितला. तिला वाचवायचं तर ते योग्य जागी कळवणं भागच होतं. मी कळवलं. पण त्या दिवशी तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यामागची चूक मी दिलेल्या शब्दाची होती. आता तास सुरू होण्याआधीच सांगते: “तुम्हाला कोणी इजा करत असेल, किंवा तुम्ही स्वतःला इजा कराल असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. कोणाला सांगणार ते आधी तुम्हाला सांगेन.” आपण काम करतो तिथला बालसंरक्षणाचा कायदा आणि तक्रार नोंदवायची रीत पहिल्या तासाआधीच पाठ हवी.

स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं तर “ते माझं खाजगी आहे” एवढंच म्हणा. नकार कसा द्यायचा, हे मुलं त्यातूनच पाहतात.

आणि फळ्यावर हेल्पलाइनचा नंबर लिहिण्याआधी तो स्वतः लावून बघा. रात्री उशिरा लावा, कारण मुलं तेव्हाही लावतात. कोणी उचलला का, किती वेळ थांबवलं, बोलणं मायेचं होतं का, हे वहीत टिपा. कोणी उचललाच नाही, तर तो नंबर फळ्यावर लिहू नका.