इकॉनॉमिक्स-कॉमर्सचं गणित कसं शिकायचं? मोदकांपासून सुरुवात करा

अकरावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेली मुलं एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) किंवा एमए इकॉनॉमिक्सला आली की डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जराशी वाढली की दुसरी किती बदलते ते) बघून गार पडतात. मी अशा मुलांना बरीच वर्षं शिकवतोय आणि मनापासून सांगतो, यांना गणित येत नाही असं नसतं, त्यांना ते फक्त रुपयांत कुणी दाखवलेलं नसतं.

आधी पाया. बालभारतीची अकरावी-बारावी कॉमर्सची गणिताची पुस्तकं ईबालभारतीच्या साइटवर फुकट पीडीएफ मिळतात, तिथूनच सुरू करा, लाज कसली त्यात. अपूर्णांक, टक्के, सरळ रेषेचा स्लोप, घातांक, लॉग एवढं पक्कं करा. टक्क्यांत तर भलेभले घसरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून ६.२५ झाला, म्हणजे पाव टक्का कमी झाला असं आपण म्हणतो, पण ती घट पाव पर्सेंटेज पॉइंटची आहे, मूळ दराच्या मानाने जवळपास ३.८५ टक्के. हा फरक डोक्यात बसला नाही तर पुढे इलास्टिसिटीमध्ये (भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते त्यात) हमखास गोंधळ होतो.

आता डेरिव्हेटिव्ह. समजा गणपतीत एक काकू उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. दिवसाचा ठरलेला खर्च ५०० रुपये, प्रत्येक मोदकामागे सामान १० रुपयांचं, आणि ऑर्डर वाढत गेली की मदतीला बाई लागते, काही मोदक फुटतात, तर तो वाढता खर्च ०.०५क्ष² धरू (क्ष म्हणजे मोदक किती). एकूण खर्च झाला ५०० + १०क्ष + ०.०५क्ष².

१०० मोदकांना २००० रुपये. १०१ चा हिशोब हाताने करा, २०२०.०५ येतो, म्हणजे पुढचा एक मोदक साधारण २० रुपयांना पडला. आता सूत्राने डेरिव्हेटिव्ह काढा (ठरलेल्या ५०० चा शून्य, क्ष चा १, क्ष² चा २क्ष): १० + ०.१क्ष, तिथे १०० घातले की २०. झालं की! मार्जिनल कॉस्ट म्हणजे हेच, ‘अजून एक केला तर किती?’ पाच-सहा वेळा असं हाताने आणि सूत्राने दोन्हीकडून काढून बघा, भीती जाते.

इथेच थांबू नका कारण खरी मजा पुढे आहे. सरासरी खर्च काढा: ५० मोदकांना २२.५०, १०० ला २०, २०० ला परत २२.५०. सगळ्यात स्वस्त १०० ला, आणि तिथेच मार्जिनल पण २०. मग काकूंनी १०० च करावेत का? निम्मा वर्ग हो म्हणतो. मोदक ३० रुपयांना विकला जातो असं धरा: १०० ला नफा १०००, २०० ला ६००० वजा ४५०० म्हणजे १५००, आणि २२० केले तर १४८०. नफा २०० ला सगळ्यात जास्त, कारण तिथे मार्जिनल कॉस्ट ३० होते, विकायच्या भावाएवढी. पुस्तकातला एमआर = एमसी (अजून एक विकून मिळणारे पैसे = तो करायचा खर्च) तो हाच, आणि आकडे स्वतः मांडलेत तर आयुष्यात विसरणार नाही.

एक्सेलमध्ये १ ते २५० चे कॉलम करून ग्राफ काढाच, अर्ध्या तासाचं काम आहे.

अजून एक सवय लावा, उत्तराखाली मराठीत एक वाक्य लिहायचं: ‘३० भाव असेल तर २०० पर्यंत करावेत, पुढचा मोदक तोट्यात जातो.’ अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आलेले, तरी १९०६ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रज्ञ बाउलींना पत्रात लिहिलं की गणित शॉर्टहँडसारखं वापरा, मग ते साध्या भाषेत आणा, खऱ्या आयुष्यातली उदाहरणं द्या आणि गणित जाळून टाका. तुम्ही जाळू नका, परीक्षेत स्टेप्सचे मार्क असतात, पण वाक्य लिहाच. वाक्य जमत नसेल तर गणित समजलेलं नाही असं समजा आणि परत मागे जा.

लॉगसाठी चक्रवाढीपासून सुरुवात करा: ८ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षं (हा झटपट अंदाज, नेमकं उत्तर लॉगने येतं), कॅल्क्युलेटरवर १.०८ चा नववा घात करून बघा, १.९९९ येतो. मॅट्रिक्स आणि लॅग्रांज (मर्यादा असताना जास्तीत जास्त फायदा काढायची रीत) नंतर घ्या, घाई नको. लॅग्रांजला आलात की काकूंकडे फक्त १५० मोदकांचंच पीठ आहे असं धरून हेच गणित परत मांडा आणि अजून एका मोदकाचं पीठ मिळालं तर नफा किती वाढेल ते काढा, उत्तर साधारण ५ रुपये यायला हवं.