स्टुडिओ लाइट घेताय? खोक्यावरचे वॅट शेवटी बघा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या हळद पाकिटांचे फोटो काढायचं काम आलं होतं. मी नुकतेच स्वस्तातले एलईडी पॅनल घेतले होते. त्याखाली राजापुरी हळदीची पूड मांडली, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात असलेलं सेटिंग) नीट लावला आणि फोटो काढून प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी चिमूटभर पूड प्रिंटवरच टाकली. म्हणाले, "ही आमची हळद न्हाई. शिळी दिसतीया." खरंच होतं ते. चिमटीतली पूड केशरी पिवळी होती आणि फोटोतली हिरवट, मलूल.

खोक्यावर 'सीआरआय ९०' छापलेलं बघून मी ते पॅनल घेतले होते. सीआरआय म्हणजे त्या लाइटखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा. तो आठ फिकट रंगांवरून काढलेली सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो, त्यासाठी 'आर९' हा वेगळा आकडा असतो. लाल कमी असलेल्या उजेडात हळद, मिरची, कुंकू आणि माणसाची कांती सगळंच मरगळलेलं येतं. जो रंग उजेडातच नव्हता, तो नंतर कॉम्प्युटरवर बसून खरा करता येत नाही. सीआरआय ९५ च्या पुढचा हवा आणि आर९ सुद्धा छापलेला हवा. दुकानात जाताना घरातली हळद आणि मिरची पूड पुडीत बांधून न्या. एक फोटो त्यांच्या लाइटखाली काढा, एक दारातल्या उन्हात, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

वॅटच्या मागे धावणं

एलईडीवर वॅट लिहिलेले असतात, फ्लॅशवर वॅट-सेकंद. दोन्हींची तुलना करू नका. वॅट म्हणजे लाइट सतत खातो ती वीज, वॅट-सेकंद म्हणजे फ्लॅश एकदा उडताना सोडतो ती ऊर्जा. २०० च्या जागी ४०० वॅट-सेकंदचा फ्लॅश घेतला तर फरक पडतो तो एका स्टॉपचा, म्हणजे उजेड दुप्पट होतो इतकाच.

आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ दहा बाय बाराच्या खोलीत चालतात. तिथं ६०० चा फ्लॅश आणून लोक अडकतात. तो पूर्ण ताकदीच्या १/१६ पर्यंतच उतरत असेल तर कमीत कमी ३७ च्या आसपास वॅट-सेकंद बाहेर पडणारच. बाळाचा फोटो एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, काढायला गेलात की गाल पांढरे फटक. २०० चा फ्लॅश १/३२ पर्यंत उतरला तर जेमतेम ६ वर येतो. म्हणून दुकानदाराला 'जास्तीत जास्त किती' विचारण्याआधी 'कमीत कमी किती' विचारा. लाइट दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, हे खरं. पण दहा फुटांच्या खोलीत लांब नेणार कुठं? भिंती गुलाबी किंवा पोपटी असतील तर आधी रंगाऱ्याला बोलवा, कारण त्या भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो.

सगळे पैसे फ्लॅशवर घालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. मिरजेचा तंबोरा एकदा फोटोसाठी समोर ठेवून बघा. पॉलिश केलेला भोपळा आरशासारखा वागतो. लाइटला साधी छत्री लावली की तिच्या काड्यान् काड्या भोपळ्यावर उमटतात आणि कारागिराची नक्षी त्या चकाकीत हरवते. मी लाइट आणि तंबोरा यांच्या मधे पांढऱ्या कापडाची मोठी चौकट उभी केली, तेव्हा कुठं भोपळ्यावर एकच लांब, मऊ उजेड सरकला आणि नक्षी दिसली. ते काम महागड्या फ्लॅशनं केलं नव्हतं. निम्मे पैसे सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी), पट्टीसारखा अरुंद स्ट्रिपबॉक्स आणि मजबूत स्टँडसाठी ठेवा. माउंट, म्हणजे लाइटला सॉफ्टबॉक्स अडकवायची कडी, बोवेन्सचंच घ्या. ती कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, पण तिचं माउंट आज अनेक कंपन्यांच्या लाइटना असतं, त्यामुळे सॉफ्टबॉक्स फुकट जात नाही.

लाइट नीट वागत नसेल तर

फोटोच्या कडेला काळा पट्टा आला तर फ्लॅशला दोष देऊ नका, शटर स्पीड १/२०० वर आणा. त्यापुढे बहुतेक कॅमेऱ्यांचा पडदा एका वेळी पूर्ण उघडत नाही. लागोपाठच्या फोटोंत मधलाच एखादा काळसर आला तर फ्लॅश चार्ज व्हायच्या आत तुम्ही बटण दाबलंय. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की हा वेळ आणखी वाढतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर फ्लॅश चालवू नका, प्युअर साइन वेव्हच हवा. फ्लॅशला हात लागून झिणझिण्या आल्या तर काम तिथंच थांबवा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या.

पावसाळ्यात स्टुडिओत काम कमी असलं तरी महिन्यातून एकदा फ्लॅश लावून थोडा वेळ उडवा, आतला वीज साठवणारा कपॅसिटर चांगला राहतो. तळमजल्यावर असाल तर जूनमध्येच सामान वर चढवा. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि भिजलेला फ्लॅश सुकवायला म्हणून स्वतः उघडू नका. वायर काढलेली असली तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.