वादात फौजेचा हुकूम कसा टाकावा

मेंढीकोट न खेळलेला माणूस नागपुरात शोधावा लागेल, म्हणून नियम तिथूनच सांगतो. समोरून बदाम आला आणि तुमच्या हातात बदाम असेल, तर बदामच टाकावं लागतं. हुकूम मारायचा तो बदाम नसेल तेव्हाच. म्हणजे तुम्ही हुकूम टाकला की हात तुमचा होतो खरा, पण बाकीच्या तिघांना कळून चुकतं की या माणसाकडे या रंगाचं पानच नाही.

"मी फौजेत होतो" हे वाक्य वादात टाकलं की नेमकं हेच होतं. पार्किंगचा वाद असतो, तुम्ही सीमा काढता. समोरचा गप्प बसतो, कारण सीमेवर काय बोलणार? पण लिफ्टमधून वर जाताना तो बायकोला सांगतो की पार्किंगबद्दल या फौजीकडे बोलायला काहीच नव्हतं.

मी सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या टेलिफोन-वायरलेसच्या शाखेतून, हवालदार म्हणून पेन्शन आलो. जबलपूरला ट्रेनिंग, मग जिथे लाइन ओढायची असेल तिथे बदली. आता मनीषनगरात एका सोसायटीत राहतो. राज्य सरकारचा बाबू 58 ला घरी बसतो. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागते, तो चाळिशीच्या आसपासच घरी येतो. पुढची सगळी वर्षं वाद घालायला मोकळी. नवीन आलेल्या भावांसाठी म्हणून हे लिहितो. आणि त्यांच्या बायकांसाठीही. त्यांना उतारा हवा असतो.

आधी रंग बघा

वाद कशाचा आहे, हा पहिला प्रश्न. फौजेत शिकलेल्या गोष्टीचाच वाद असेल, तर तो हुकूम नाहीच, ते त्याच रंगाचं पान आहे, बिनधास्त टाका. सोसायटीत जनरेटरची केबल उघड्यावरून न्यायची की पाइपातून, यावर मी बोललो तर ऐकतात, कारण आयुष्यभर तेच केलंय. तिथेही "फौजेत होतो" म्हणायची गरज पडत नाही. "पावसाळ्यात इथून पाणी शिरेल, बघा" एवढं पुरतं.

पण रंग तोच असला तरी पान जुनं असू शकतं. आमच्या ओळखीत एक सुभेदार साहेब आहेत, बेसा रोडला राहतात. त्यांच्या सोसायटीत एका पोट्ट्याने गच्चीवर तिरंगा लावला आणि रात्री उतरवला नाही. साहेब खाली आले, सगळ्यांसमोर त्याला झापलं. सूर्यास्ताला झेंडा उतरतो, मी हयातभर उतरवलाय, तू मला शिकवतो काय बे! पोट्ट्याने शांतपणे मोबाइल पुढे केला. जुलै 2022 मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला. सामान्य नागरिकाला आपल्या घरावर तिरंगा आता दिवसरात्र ठेवता येतो. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये मशीनवर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. साहेबांचं पान 2022 पर्यंत बरोबर होतं. तेव्हा झापायच्या आधी दोन मिनिटं वाचून घ्या. नियम बदलला की क्वार्टर गार्डला, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या चौकीला, ऑर्डर येते, गच्चीवर येत नाही.

टोलनाक्यावर टाकूच नका

हा हुकूम सगळ्यात जास्त वाया जातो तो टोलनाक्यावर. फौजी कँटीनचं कार्ड काचेतून बाहेर काढायचं, आवाज चढवायचा, मागे ट्रकांची रांग लागते, आणि बूथमधला पोरगा एकच वाक्य बोलतो, "सर, रिटायर्डला नाही."

तो बरोबर असतो. सवलतीचा मूळ कायदा 1901 चा आहे, इंडियन टोल्स (आर्मी अँड एअर फोर्स) ॲक्ट. त्यात सूट आहे ती ड्यूटीवरच्या माणसाला. निवृत्ताला नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या 2008 च्या शुल्क नियमांत आणखी एक यादी आहे. परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र, शौर्य चक्र. यातलं काही मिळवलं असेल तर ओळखपत्र दाखवून जाता येतं. ज्यांना मिळालंय त्यांना आरडाओरडा करताना निदान मी तरी पाहिलं नाही. तुमचं-माझं नाव त्या यादीत नाही. फास्टॅग लावा आणि निघा.

आणि तो बूथमधला पोरगा कोण असतो, तेही बघा. जबलपूर रोडला असाल तर तो बहुतेक कामठी-कन्हानकडचा. त्याच्या घरातला कोणीतरी पहाटे अंधारात भरतीसाठी सोळाशे मीटर पळत असतो. तुम्ही त्याच्यावर ओरडलात तर घरी जाऊन फौजी कसे असतात म्हणून तो काय सांगणार?

गाडीवर "आर्मी" लिहून उड्डाणपुलावर उलट्या बाजूने घुसणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. रक्तदाब वाढतो.

उसना हुकूम

आता मुख्य गोष्ट. या हुकमाची गंमत अशी की तो सगळ्यात जास्त तेच टाकतात ज्यांच्या हातात तो कधी नव्हताच. नोव्हेंबर 2016 आठवा. नोटा बंद झाल्या, बँकांपुढे रांगा लागल्या, आणि जो कुरकुर करेल त्याला उत्तर तयार होतं. तिकडे सियाचीनमध्ये जवान उभे आहेत, तुम्हाला दोन तास उभं राहता येत नाही? हे सांगणाऱ्यांतल्या किती जणांनी बूट घातले होते ते सोडा. त्या रांगेत पेन्शनीतले फौजीही उभे होते, गुडघे धरून. त्यांना कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून हे पान सोसायटीच्या सभेतही येतं. आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा हिशोब निघाला. खर्च झालेला दिसत होता, बिल दिसत नव्हतं. देशपांडे काकूंनी विचारलं. खजिनदार उठले आणि म्हणाले, "काकू, तिकडे आपले जवान मायनस चाळीसमध्ये उभे आहेत, आणि तुम्ही इथं टाकीवरून भांडून राहिल्या?" आणि माझ्याकडे बघितलं. मान डोलवा, असं.

अशा वेळी फौजी माणूस फसतो. आपलं नाव निघालं, कौतुकाने निघालं, मान आपोआप हलते. हलवू नका. मी म्हटलं, "भाऊ, मायनस चाळीसमध्येही केरोसीनच्या जरीकॅनचा हिशोब लागतो. किती आले, किती जळले, सही कोणाची. तुम्ही बिल दाखवा."

बिल पुढच्या रविवारी आलं.

कृती एवढीच. कोणी तुमच्या नावाने हुकूम टाकला तर रागावू नका, त्याची देशभक्ती मोजायला जाऊ नका, "तुम्ही कोणत्या पलटणीत होते?" असंही विचारू नका, कारण मग वाद तुमच्या आणि त्याच्यात सुरू होतो आणि टाकी राहून जाते. फौजेतलीच एखादी बारीक, खरी गोष्ट सांगा आणि वाद त्याच्या मूळ रंगावर आणून सोडा. हे काम तुम्हीच करू शकता. काकू बोलल्या असत्या तर देशद्रोही ठरल्या असत्या.

घरात

घरात हा हुकूम चालत नाही. चालवून बघणाऱ्यांनी बघावं. तुम्ही म्हणाल, "मी बर्फात होतो." बायको म्हणेल, "तुम्ही बर्फात होते तवा पोराला डेंग्यू झाला होता, मी एकटीच त्याला घेऊन मेडिकलच्या दवाखान्यात बसली होती. सांगू काय अजून?" तिच्याकडेही हुकूमच आहे, आणि तुमच्यापेक्षा वरचा. तुमच्याकडे सुटीची तारीख होती, रेशन होतं, बाजूच्या बंकरमध्ये चार माणसं होती. सासू, गॅसचा नंबर, शाळेची फी, दारातला पाहुणा हे सगळं तिनं एकटीनं ओढलंय. पोहे गारठायच्या आत विषय बदला.

पोरांशी आणखी सांभाळून. "आम्ही पहाटे चारला उठायचो" हे एकदा म्हटलं तर ऐकतात, दुसऱ्यांदा त्यांचे कान बंद होतात. मुलगी नीटचा अभ्यास करत असेल तर ती तुमच्यापेक्षा कमी झोपते.

आपसात

फौजी फौजीवर हुकूम टाकतो तेव्हा तर बघायलाच नको. पायदळवाला सिग्नलवाल्याला म्हणतो, तुम्ही टेलिफोनवाले. दोघं मिळून वायुसेनानगरातल्या एअर फोर्सवाल्याला म्हणतात, तुमची नोकरी पंख्याखाली. कामठीला एका जेवणात एक साहेब एका पोराला म्हणाले, "चार वर्षांची काय फौज असते का!" पोरगा अग्निवीर होऊन नुकताच भरती झालेला, सुटीवर आलेला. खाली बघत ताटातला भात चिवडत बसला. 2022 च्या योजनेत चारातला फार तर एक पुढे कायम होतो. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे उद्या हा पोरगा "मी फौजेत होतो" म्हणेल तेव्हा त्याच्याकडे दाखवायला तुमचं ते कँटीन कार्डही नसेल. ज्याच्याकडे आपल्यापेक्षा कमी पानं आहेत त्याच्यावर हुकूम टाकायचा नसतो. याला पोट्टेपणा म्हणतात.

आणि पंगतीत वीरनारी, म्हणजे शहीद जवानाची पत्नी, बसलेली असेल तर सियाचीन, कारगिल सगळं खिशात ठेवायचं. तिच्यावर कोणाचाच हुकूम चालत नाही.

मग टाकायचा कुठे?

दुसऱ्यासाठी टाका. आपल्या रांगेसाठी टाकला तर तो तोरा होतो. एखाद्या विधवा वहिनींची फाइल टेबलावर पडून असेल तर त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तेव्हा खुशाल सांगा की मी माजी सैनिक आहे आणि या माझ्या पलटणीतल्या माणसाच्या पत्नी आहेत. आवाज खालचा. वाक्य एकच. त्यानंतर गप्प. समोरचा बाबू त्या शांततेला उत्तर देतो, तुमच्या बोलण्याला नाही.

पण जाताना कागद न्या, कारण ऑफिसात खरा हुकूम कागदच. उदाहरण सांगतो. महाराष्ट्रात 2020 पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरता मालमत्ता कर माफ आहे, शहरातही. कितीतरी जणांना माहीत नाही. माहीत असलेले महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन छातीवर हात मारतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. तिथे लागतो तो जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला. आधी तिथे जायचं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), ओळखपत्र, घराची करपावती, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. मग झोन ऑफिस. "फौजी आहे" हे तुम्ही बोलायचंच नाही, दाखला बोलतो. बाबूने "हे नाही चालत" म्हटलं तर "कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या, साहेब" म्हणायचं. लिहून द्यायची वेळ आली की चालायला लागतं. पेन्शनचंही तसंच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला राहिला आणि "स्पर्श"वर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, पेन्शन अडकली, तर तुमच्या सर्व्हिसची कथा ऐकून कॉम्प्युटर ती सोडत नाही.

एका सभेत दोनदा टाकू नका. दारू घेतलेली असेल तर अजिबात नको. व्हॉट्सॲपवर तर नकोच नको, तिथे तुमच्या फोटोवर कोणीतरी मावळता सूर्य लावून फिरवतं.

शेवटची गोष्ट सिक्युरिटी गार्डबद्दल. मॉलच्या, हॉस्पिटलच्या, बँकेच्या दारावर गाडी अडवणाऱ्या माणसाला "ओळखत नाही का, फौजी आहे मी" म्हणायच्या आधी त्याच्या बुटांकडे बघा. मेस्कोकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळाकडून, आलेला असला तर तो स्वतः माजी सैनिक असतो, आणि बूट तुमच्यापेक्षा जास्त चमकत असतात. मग तो सावधान होऊन विचारतो, "कौन सी पलटन, साहब?" तुम्ही सांगता. तो त्याची सांगतो, तो तुमच्या आधीचा निघतो, आणि रजिस्टर पुढे सरकवतो. नाव, गाडी नंबर, आत जायची वेळ, सही. राम राम म्हणून सगळे रकाने भरा, मोबाइल नंबरसुद्धा. पेन बहुतेक दोरीने बांधलेलं असतं आणि चालत नाही, म्हणून स्वतःचं न्या.