गाडीचा हीटर घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

हीटरमधून गार हवा येऊ लागली की बहुतेकांची नजर डॅशबोर्डकडे जाते. बिघाड मात्र बऱ्याचदा बोनेटखाली असतो. पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या हीटरमध्ये उष्णता वेगळी तयार होत नाही. इंजिन थंड ठेवायला जे कूलंट फिरतं, त्यातलंच थोडं दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या छोट्याशा रेडिएटरमध्ये येतं. गॅरेजमध्ये त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो आणि तीच गरम होऊन आत येते. त्यामुळे हीटर गार पडला की आधी कूलंटची चौकशी करायची, पाना-पेंचकस नंतर.

आपल्याकडे वर्षाचे दहा महिने हीटरचं बटण निळ्या बाजूलाच असतं. त्याची आठवण येते ती निफाडच्या थंडीत, आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात काचा धुरकटल्या की, नाहीतर पुण्याहून लेह-स्पितीची तयारी सुरू झाल्यावर. मग घाईघाईत घरीच हात घातला जातो आणि ठरावीक चुका होतात.

गरम इंजिनाचं झाकण उघडणं

ही चूक आधी सांगतो, कारण यात माणूस भाजतो. रेडिएटरमधलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर, हातावर उडतं. जाड फडकं धरून हळूच उघडू, हा विचारही नको. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सकाळी गाडी सुरू करण्याआधीची वेळ सगळ्यांत चांगली.

तेव्हाच पातळीही बघा, पण नुसत्या कूलंटच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर विसंबू नका. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं, त्यांत झाकणाचं रबर गेलं की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. झाकण काढून आत डोकावलं तरच खरं काय ते कळतं.

पाइपांना हात न लावता पार्ट बदलणं

इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन पाइप आत जातात. गाडी वीस-एक मिनिटं चालवा, टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या, हीटर पूर्ण लाल बाजूला ठेवा. मग इंजिन बंद करून या दोन्ही पाइपांना हाताची मागची बाजू क्षणभर लावा. चावी काढली तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, तेव्हा बोटं त्याच्यापासून लांब.

दोन्ही पाइप सारखेच चटका देणारे असतील, तर कूलंट कॉइलमधून नीट फिरतंय. अडचण हवा वळवणाऱ्या झडपेत आहे. जुन्या छोट्या गाड्यांत बटणाची केबल क्लिपमधून निसटलेली असते. ती परत अडकवली की काम झालं. नव्या गाड्यांत ही झडप छोटी मोटर फिरवते. चावी दिल्यावर डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येत असेल, तर त्या मोटरच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात गेले आहेत असं समजा. स्क्रू ड्रायव्हर घालून झडप जबरदस्तीने ढकलू नका, तिचा दांडा मोडला तर अख्खा हीटर बॉक्स उतरवावा लागतो.

एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल, तर कॉइल चोक आहे किंवा तिच्यात हवा अडकली आहे. काही गाड्यांत पाइपावर कॉक असतो, तो बंद अडकलाय का तेही बघा. दोन्ही कोमट असतील, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडाच राहिलाय. रेस केल्यावर गरम आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गार, हे लक्षण बहुतेक वेळा कमी कूलंटचं.

या सगळ्यात एक लक्षण वेगळं ओळखा. टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे चाललाय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, तर कूलंट बहुधा गळून गेलंय. तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणत हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग) उडवून घेणारे पुष्कळ आहेत.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि ‘आता गाडी कधी तापणार नाही’ असं सांगतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत हा उपाय वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि मला तो अजिबात पटत नाही. कूलंट ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणं हे थर्मोस्टॅटचं काम. बऱ्याच गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तोच नसेल तर हायवेला इंजिन गार धावतं, अ‍ॅव्हरेज पडतं, इंजिनाची झीज वाढते आणि थंडीत हीटर कोमटाच्या पुढे जात नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि हीटर नीट चालत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे आधी उघडून बघा.

जुना थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. एका जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत सोडा, थर्मामीटर धरून पाणी तापवा. उघडण्याचं तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. गार असतानाच उघडा असेल किंवा पाणी उकळूनही उघडला नाही, तर नवा आणा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. नव्या थर्मोस्टॅटवर हवा निघायचं बारीक भोक असेल, तर बसवताना ते वरच्या बाजूला आलं पाहिजे.

हळद, स्टॉप-लीक आणि नळाचं पाणी

रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकणं हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. आडरानात अडकलात आणि पुढच्या गावापर्यंत पोचायचं असेल तर एकवेळ ठीक. पण हळद काय किंवा गळती बुजवायचं बाटलीतलं स्टॉप-लीक काय, त्याला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. हीटर कॉइलच्या नळ्या फार बारीक, आधी त्याच तुंबतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षारही तिथेच बसतात.

कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी भरून डिसेंबरात स्पितीतल्या काझाला गेलात तर रात्रीत पाणी गोठून फुगेल आणि रेडिएटर किंवा थेट इंजिनाचा ब्लॉक तडकेल. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. हिरवं-केशरी एकत्रही करू नका. रंगाचा काही भरवसा नाही, गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिलाय तोच घ्या.

कॉइल जोर लावून धुणं

चोक कॉइल उलट्या दिशेने धुतली की अनेकदा मोकळी होते: ज्या पाइपातून पाणी बाहेर येतं, तिथून आत सोडायचं. त्यासाठी बागेचा पाइप आणि बारीक धार पुरते. कॉम्प्रेसरची हवा किंवा वॉशिंग सेंटरचा प्रेशर लावलात तर कॉइल आतल्या आत फाटेल. पाइप वर्षानुवर्षं चिकटून बसलेला असतो. तो पिळून ओढू नका, कॉइलची तोटी वाकते किंवा तुटते. रबर ब्लेडने उभं चिरून काढा, नवा पाइप कॉइलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. धुऊन झाल्यावर शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवा.

लाइनमध्ये हवा ठेवून काम संपवणं

सगळं नीट केलं, तरी हीटर गारच! इथे दोष बहुतेक हवेचा. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला ऊब द्यायला पुष्कळदा हीटरच्या पाइपांतूनच जोड घेतलेला असतो आणि त्या जोडांपाशी हवा अडकते. गाडी चढावर नाक वर करून उभी करा, हीटर लाल बाजूला. गार इंजिनावर झाकण काढून कूलंट भरा, मग इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत राहा. पाइप गरम झाले, बुडबुडे थांबले, की झाकण लावा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून एकसंध धार येईपर्यंत तो सैल ठेवा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा, ती हमखास थोडी उतरलेली असते.

हे काम बंद शटरच्या पार्किंगमध्ये कधीही करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. ते गोडसर असतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात.

ब्लोअरचं दुखणं हीटरवर ढकलणं

हवाच येत नसेल तर कूलंटचा संबंध नाही. पंखा फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल तर बहुधा पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त क्षमतेचा टाकलात तर वायरिंग जळेल. हवा कमी येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. उंदरांनी त्यात घर केलेलं असणं आपल्याकडे नवल नाही.

डॅशबोर्ड घरी खोलणं

डावीकडच्या सीटपुढचा गालिचा ओला झालाय का? पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, ती मोकळी करणं घरी जमतं. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट धुकं चढत असेल तर कॉइल गळतेय. काही गाड्यांत ती बाजूने सरकवून निघते, पण अनेकांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तिथे एअरबॅगच्या वायरी असतात आणि शेजारीच गॅसने भरलेली एसीची कॉइल. हे काम गॅरेजला द्या. तोवर दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कॉइल बायपास करता येते, मात्र मग काचेवरचं धुकं घालवायला गरम हवा मिळणार नाही, म्हणून घाटात जाण्याआधी काम उरकून घ्या. इलेक्ट्रिक गाडीचा हीटर तर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो. केशरी वेष्टणाच्या वायरी दिसल्या की बोनेट बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावा.